पिकअपला अडखळते

आमच्या गल्लीत त्याला सगळे धाकटा म्हणतात. मिशा पांढऱ्या झाल्या, चष्मा लागला, गुडघे कुरकुरायला लागले, तरी धाकटा तो धाकटाच. कारण एक थोरला होता. दोघा भावांचं मोटरसायकल दुरुस्तीचं गॅरेज, आणि पत्र्याच्या भिंतीपलीकडे माझं सीट कव्हर शिवायचं दुकान. गाडीचं आतलं दुखणं ते बघणार, वरचं फाटलेलं मी शिवणार. त्यांच्याकडे आलेल्या निम्म्या गाड्या माझ्याकडे यायच्या, म्हणून माझं त्यांच्याशी वाकडं असायचं काही कारण नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी दोघांनाही शिव्या घालणार आहे.

धाकट्यानं लग्न केलं नाही. का, असं मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाला, "राहून गेलं, ताई." एखादा नट आवळायचा राहून जावा तसं. त्याला लग्नाची गरज भासली नसावी, कारण थोरल्याचा संसार हाच त्याचा संसार होता. जेवण दादाकडे, वहिनीची बोलणी खायची तीही दादाकडेच, आणि पुतणे तर ह्याच्याच खांद्यावर वाढले. गॅरेजच्या वर एक खोली होती, तिथं तो फक्त पाठ टेकायला जायचा. कामही दादानंच शिकवलेलं. गिऱ्हाईक काहीही सांगो, आधी टाकीचं झाकण उघडायचं, गाडी हलवायची, पेट्रोल किती आहे नि कसं दिसतंय ते बघायचं, मग बाकीचं, ही थोरल्याची पहिली शिकवण. ती धाकट्याच्या अंगात इतकी मुरली होती की गाडीजवळ गेला की त्याचा हात डोक्याच्या आधी झाकणाकडे जायचा.

मग ते कानाचं प्रकरण झालं.

थोरला इंजिनाला लांब पान्हा लावायचा, पान्ह्याचं दुसरं टोक कानाला, आणि डोळे मिटून ऐकायचा. गिऱ्हाइकं श्वास रोखून उभी राहायची. तो बोलला की तेच खरं. पण वय कुणाला सोडत नाही. त्याला ऐकू कमी येत चाललं होतं आणि हे त्याच्याशिवाय साऱ्या गल्लीला माहीत होतं. एकदा एका गाडीच्या इंजिनात खडखड होत होती, माझ्या मशिनच्या आवाजातही मला ती ऐकू येत होती, आणि थोरला म्हणत होता की इंजिन ठणठणीत आहे. गिऱ्हाईक हुज्जत घालायला लागलं. धाकटा दुसऱ्या गाडीशेजारी आडवा झालेला. त्याला वाटलं, वाद मिटवावा. तो तिथूनच मोठ्यानं म्हणाला, "दादा, तुला ऐकू येत नाही. हो बाजूला, मी बघतो."

खोटं काहीच बोलला नाही तो. पण चारचौघांत बोलला. थोरल्यानं पान्हा पुसला, खिळ्यावर जागच्या जागी अडकवला, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले आणि तो घरी गेला. तो परत आलाच नाही.

सुरुवातीला धाकटा घरी जाऊन आला. दारातून परत आला. वहिनी काही दिवस कुणाच्या तरी हाती डबा पाठवत होती. मग नवऱ्याच्या तोंडी कोण लागणार म्हणून तेही थांबलं. पुतणे नोकऱ्यांना लांब गेले. थोरल्यानं गावाच्या दुसऱ्या टोकाला एका गोदामात देखरेखीचं काम धरलं, आणि आमची गल्ली टाळायची म्हणून तो मोठा वळसा घालून कामाला जायला लागला. सुंभ जळतो पण पीळ जात नाही, म्हणतात ना, तशातली गत.

एकटं माणूस मी पुष्कळ बघितलंय. मी स्वतः एकटीच आहे. पण माझा एकटेपणा माझ्या नवऱ्यानं मरून दिलेला, त्याच्याशी भांडता तरी येत नाही. धाकट्याचा भाऊ जिवंत होता, त्याच गावात होता, आणि तरी ह्याचं घर बंद. संध्याकाळी तो शटर अर्धं ओढायचा आणि वर जायचा. एका भांड्यात शिजवायचा, त्याच भांड्यात जेवायचा. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलायचा ते सगळं प्लग, चेन, ब्रेक. स्वतःबद्दल बोलायचं म्हणून तो माझ्याकडे यायचा आणि तिथंही फोमचा तुकडा हातात घेऊन नुसता दाबत बसायचा. मी म्हणायची, "मिस्त्री, बोल की काहीतरी." तो म्हणायचा, "काय बोलू, ताई. सगळं बरंय." सगळं बरंय म्हणणाऱ्या माणसाची मला फार चीड येते.

आणि एक दिवस थोरला आला.

आपल्या मोटरसायकलवरून आला, गॅरेजसमोर गाडी उभी केली आणि गॅरेजकडे पाठ करून सरळ माझ्या दुकानात. किल्ली माझ्या मशिनवर ठेवली. "त्याला सांग," तो म्हणाला, "पिकअपला अडखळते." त्याला म्हणजे कुणाला, हे कळायला अक्कल लागत नव्हती. 'तो' चार हातांवर उभा होता, हातातला पान्हा तसाच, तोंड उघडं.

मी म्हटलं, "दादा, तो समोर उभाय की. तुम्हीच सांगा."

"काय?" थोरल्यानं कानाला हात लावला.

म्हणजे झालं. मी निरोप्या झाले. मी धाकट्याला सांगितलं, गाडी पिकअपला अडखळते. धाकट्यानं मला विचारलं, "सारखी का मधूनच?" मी ते थोरल्याच्या कानाशी ओरडून विचारलं. थोरला मला म्हणाला, "घरून निघताना चांगली चालते. मग जरा अंतर गेलं की चढाला, ओव्हरटेकला, मूठ पिळली की दम टाकते. हळू चालवली तर काही नाही." हे धाकट्यानं ऐकलं होतंच, तरी मी पुन्हा सांगितलं. असा आमचा तिघांचा कारभार. गल्लीतली माणसं कामं टाकून बघत होती.

धाकट्यानं किल्ली घेतली, झाकण उघडलं, टाकीत बघितलं, गाडी हलवली. मग चालू करून मोठ्या रस्त्यापर्यंत चक्कर मारून आला. गाडी लोण्यासारखी चालली. तरी त्यानं प्लग काढून साफ केला, एअर फिल्टर झटकला. थोरला गाडी घेऊन गेला.

थोड्याच दिवसांनी परत हजर. "त्याला सांग, अजून अडखळते." ह्यावेळी धाकट्यानं झाकण उघडून बघितलं आणि मग कार्बोरेटर पूर्ण खोलला, त्यातले बारीक भोकांचे जेट तारेनं साफ करून फुंकले, इंजिनाकडे जाणाऱ्या रबराला कुठं चीर गेलीय का म्हणून बोटानं दाबून दाबून पाहिलं. काही सापडलं नाही. चक्कर मारली. झकास. थोरला माझ्याकडे बघून म्हणाला, "त्याला कळत नाहीये." मी हा निरोप पोचवला नाही. तो आपोआप पोचला.

तिसऱ्या खेपेलाही तेच. पण त्या संध्याकाळी धाकटा माझ्याकडे आला तो हसतच. मी त्याला असं हसताना कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. "ताई," तो म्हणाला, "गाडीत काही नाही. मी सगळं बघितलं. अगं, दादाला यायचंय. पण यायला निमित्त नको का?"

मलाही ते पटलं. मला तर आधीपासूनच संशय होता. स्वतः मिस्त्री असलेला माणूस आपली गाडी दुसऱ्याकडे कशाला आणेल? आम्ही दोघांनी मिळून थोरल्याच्या मनातलं सगळं ठरवून टाकलं. धाकट्यानं थोरल्याचे पान्हे खिळ्यांवरून काढून तेलानं पुसले. थोरल्याचं लाकडी स्टूल माळ्यावरून काढलं आणि माझ्याकडे आणलं. "ह्याला गादी कर ना. आता ह्या वयात त्याला कडक जागा टोचेल." मी जाड फोम घातला, रेक्झिन ताणून बसवलं, कडेला दुहेरी शिलाई दिली. ते स्टूल त्यानं गॅरेजच्या तोंडाशी मांडलं आणि रोज सकाळी फडक्यानं पुसायला लागला. त्याला काय हवं होतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. भाऊ त्या स्टुलावर येऊन बसायला हवा होता, बस्स.

थोरला आला. गाडी उभी केली, स्टुलाकडे बघितलं, बसला नाही. किल्ली माझ्या मशिनवर. "त्याला सांग..."

पण धाकट्याला धीर कुठला. त्यानं किल्लीला हातच लावला नाही, गाडीलाही नाही. मला म्हणाला, "ताई, दादाला सांग, गाडीत काही बिघाड नाही. यायचं असेल तर असंच ये म्हणावं. बस म्हणावं."

आता हे वाक्य कुणाच्या कानाशी कुजबुजण्याचं. आणि मला ते बोंबलून सांगणं भाग होतं. मी सांगितलं. "गाडीत काही बिघाड नाही, दादा! यायचं असेल तर असंच या!" समोरचा पंक्चरवाला फिसकन हसला.

थोरल्याचा चेहरा उतरत गेला तो मी बघितला. त्याला प्रेमाचा भाग ऐकूच आला नाही; 'बिघाड नाही' एवढंच ऐकू आलं. म्हणजे तुला भास होतायत. म्हणजे तुला जसं ऐकू येत नाही तसं आता कळतही नाही. पुन्हा चारचौघांत, पुन्हा त्याच जागी. त्यानं किल्ली उचलली आणि गाडीला किक मारली. मी निरोप दिला, निरोपाचा अर्थ लावायचा ठेका माझा नव्हता. तरी जीव चरकलाच.

गल्ली जिथं मोठ्या रस्त्याला लागते तिथं चढ आहे. थोरल्यानं समोरून येणारा ट्रक बघितला, अंदाज घेतला, मूठ पिळली आणि गाडी पुढं काढली. आणि ऐन रस्त्याच्या मधोमध गाडीनं दम टाकला. हुंदका दिल्यासारखी एकदा पुढं, एकदा मागं, आणि जवळजवळ बंदच. ट्रकचा हॉर्न साऱ्या गल्लीला ऐकू गेला. ज्याला जायला हवा त्याला नाही. ड्रायव्हर भला, त्यानं ब्रेक दाबत ट्रक कडेला ओढला. तोवर धाकटा धावत सुटला होता. ते कुरकुरणारे गुडघे घेऊन कसा धावला देव जाणे.

पुढचं त्यानं मला संध्याकाळी सांगितलं, तेही एकदम नाही, तुकड्यातुकड्यानं.

गाडी ढकलत त्यानं कडेला घेतली. थोरला पांढराफटक पडला होता. धाकट्यानं सवयीनं किल्ली काढली आणि टाकीचं झाकण उघडलं. उघडताक्षणी सूं करून आत हवा ओढली गेली. थोरला शेजारीच उभा होता. त्याला ते ऐकू आलं नाही.

धाकटा म्हणाला, "ताई, मला तिथंच सगळं कळलं." झाकणाला एक बारीक छिद्र असतं, टाकीत हवा जायला. ते बुजलं की पेट्रोल खाली उतरत जातं पण त्याच्या जागी हवा येत नाही, आणि काही अंतरानं पेट्रोल उतरायचंच थांबत येतं. हळू चाललं तर भागतं, मूठ पिळली की उपासमार. झाकण उघडलं की हवा आत, गाडी परत ठणठणीत. म्हणजे दर वेळी दादा बिघाड घेऊन यायचा आणि धाकटा पहिल्या झटक्यात, काही बघायच्या आधीच, तो बिघाड झाकण उघडून घालवून टाकायचा; माझ्या मशिनच्या खडखडाटात तो सूं आवाजही कधी कानावर आला नव्हता. मग दिवसभर कार्बोरेटरमध्ये शोधायचा. काखेत कळसा! आज उतावीळपणानं, म्हणजे प्रेमानं, त्यानं गॅरेजसमोर झाकण उघडलं नाही, म्हणून बिघाड दिसला.

त्यानं झाकण उलटं करून बघितलं. आत ट्यूबच्या रबराची एक चकती बसवलेली होती. टाकीतलं पेट्रोल उसळून बाहेर येत असणार, वहिनीच्या कपड्यांना वास लागत असणार, म्हणून कुणीतरी बसवलेली. छिद्रावर गच्च. "कड इतकी गोल होती," धाकटा म्हणाला, "की नाणं ठेवून कापल्यासारखी. अशी चकती कापणारा हात मी एकच बघितलाय. मला शिकवायला गेला तेव्हा मला कधी जमली नाही."

त्यानं झाकण लावून टाकलं. थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मागं बसला. चल, अशी खूण केली. खात्री करून घ्यायला हवी, असं त्यानं मला सांगितलं. मी पण इतकी खुळी नाही. खात्री त्याला तिथंच झाली होती.

गाडी पुढं चांगली चालली. बाजार गेला, शाळा गेली, गोदामांचा लांबच लांब रस्ता लागला. धाकटा भावाच्या पाठीमागे बसून होता, लहानपणी बसायचा तसा. "मी बोललो त्याच्याशी," तो म्हणाला.

"काय बोललास?"

"सगळंच. त्या दिवशी चुकलं म्हटलं. खोली खायला उठते म्हटलं. तू ये म्हटलं."

"मग?"

"मग काय. वारा होता. त्याला कुठं ऐकू येतंय."

मला तेव्हा त्याला एक थोबाडीत द्यावीशी वाटली आणि डोळ्यांत पाणीही आलं. दोन्ही एकाच वेळी.

गोदामांच्या शेवटी चढावर गाडीनं पुन्हा दम टाकला. थोरल्यानं कडेला घेतली, मागं वळून बघितलं, आणि त्याच्या तोंडावर म्हणे विजय होता. बघ, मला भास होत नाहीत. मग तो भिंतीआड गेला. ह्या वयात माणसाला लघवी धरवत नाही. तेवढ्यात धाकट्यानं झाकण उघडलं, जेट साफ करायची तार त्याच्या खिशात असतेच, तिनं त्या सुंदर चकतीला बरोबर छिद्रासमोर भोक पाडलं आणि झाकण लावलं. मग खाली बसून कार्बोरेटरचा तळाचा स्क्रू सैल केला, थोडं पेट्रोल हातावर सांडलं, बोटाला रस्त्याची माती लावली. थोरला परत आला तेव्हा त्यानं ते बोट वर करून दाखवलं आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "कचरा होता, दादा. माझ्या नजरेतून सुटला. माझी चूक."

थोरल्यानं ते बोट बघितलं. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मला मध्ये न घालता, थेट आपल्या भावाशी बोलला. "नीट बघत जा," तो म्हणाला. "घाई करतोस. पहिल्यापासून घाई करतोस." आणि धाकट्याच्या पाठीवर एक थाप मारली.

त्यानं ह्याला गल्लीच्या तोंडाशी आणून सोडलं. आत आला नाही.

"अरे पण तू सांगितलं का नाहीस?" मी ओरडलेच. "त्याचीच चकती, त्याचीच चूक! ट्रकखाली जात होता माणूस! आणि तू वर स्वतःवर घेतलंस?"

तो फोमचा तुकडा दाबत बसला होता. म्हणाला, "एकदा खरं सांगितलं होतं ना, ताई."

मी मशिन चालू केलं आणि उगाचच एक सरळ शिलाई मारत राहिले.

त्यानंतर थोरला खूश झाला, हे मला वहिनीकडून कळलं. ती बाजारात भेटली. घरी सांगत असतो म्हणे, अजून कच्चा आहे तो, साधा कचरा सापडेना त्याला, शेवटी मीच दाखवून दिला. राग पार गेलाय. धाकट्याला मी हे सांगितलं तर तो मान डोलवत राहिला, एखाद्यानं शाबासकी दिल्यासारखा. मी म्हटलं, मग आता येईल की तुझा भाऊ. तोही म्हणाला, येईल.

राग गेल्यामुळे थोरला आता वळसा घालत नाही. गोदामावर जाताना आमच्याच रस्त्यानं जातो. गल्लीच्या तोंडावरून रोज सकाळी त्याची गाडी जाते. पण थांबत नाही. थांबायला काही कारण उरलं नाही. रुसवा नाही, तक्रार नाही, आणि गाडीत बिघाडही नाही. कधीमधी एक बोट वर करतो, बस्स. मी एकदा धाकट्याला चिडून म्हटलं होतं, की मीच जाते आणि ते भोक बुजवून येते. तो हसला नाही.

परवा सकाळी मी सुईत दोरा ओवत होते. मोठ्या रस्त्यावरून ती गाडी येत असल्याचा आवाज आला. धाकटा हातातलं काम टाकून गल्लीच्या तोंडापर्यंत गेला आणि मी त्याला पहिल्यांदाच ओरडताना ऐकलं. "दादा! ए दादा!" पोटातून ओरडला. पंक्चरवाल्यानं मान वर केली, समोरच्या गच्चीवरची बाई वाकून बघायला लागली. थोरल्याची पाठ ताठ, मान सरळ. चढाला त्यानं मूठ पिळली आणि गाडी सरसर निघून गेली.

धाकटा आवाज पार विरेपर्यंत तिथंच उभा राहिला. मग परत आला, माझ्या दुकानाच्या पायरीशी थांबला.

"बघितलंस, ताई?" तो म्हणाला. "चढाला कशी खेचली. एकदासुद्धा अडखळली नाही."